नाताळ आला की आनंद पण होतो अन् पोटात गोळा पण येतो, हे असं का होतं?

डिसेंबरच्या वीस-बावीस तारखेला आमच्या जालन्यात बेकरीसमोर काय लाईन लागते ते ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी आधी सांगते. घरून मैदा, साखर, डालडा, अंडी, वेलची सगळं पिशवीत घालून न्यायचं, भट्टीतून पावाचा घाणा निघाला की बेकरीवाला आपल्या नानकटाया अन् केक आत सारतो, तोवर आपण डबे देऊन बाहेर उभं राहायचं अन् शेजारणीच्या सुनेचं काय चाललंय ते ऐकायचं. दिवाळीच्या आधी ह्याच लाईनीत हिंदू बाया असतात, ईदच्या आधी मुसलमान, अन् नाताळला आम्ही. डबे मात्र सगळ्यांचे सारखेच, स्टीलचे, म्हणून भट्टीवरचं पोरगं डब्यावर कोरलेलं नाव वाचून ओरडतं. आमच्या डब्यावर आईचं नाव आहे, वडिलांच्या नावासकट अख्खं. आईला जाऊन चार वर्षं झाली. दरवर्षी त्या गर्दीत ते पोरगं आईचं नाव मोठ्यानं घेतं अन् मी "हां हां, माझंय" म्हणत पुढं होते.

त्या मिनिटाला काय वाटतं हे सांगायला माझ्याकडं एक शब्द नाही. गरम नानकटाईच्या वासानं तोंडाला पाणी सुटलेलं असतं, लेकरं घरी वाट बघत असतात म्हणून बरं वाटत असतं, अन् त्याच वेळी गळा असा दाटतो की सुट्टे पैसे मोजता येत नाहीत. पहिल्या वर्षी मला वाटलं माझंच काहीतरी बिघडलंय. मग मी वाचायला लागले. जे वाचलं ते इथं सोपं करून सांगते, कारण आपल्याकडं बऱ्याच जणांना सणाला हे होतं अन् कुणी बोलत नाही.

आधी ही मूळ गोष्ट. आपल्या डोक्यात आनंद अन् दुःख म्हणजे एकाच पट्टीची दोन टोकं असतात, थर्मामीटरसारखी, पारा वर गेला की खुश, खाली आला की दुःखी, दोन्हीकडं एकदम कसा असेल? मानसशास्त्रातले बरेच लोकही बरीच वर्षं साधारण असंच मांडायचे. मग जेफ लार्सन, पीटर मॅकग्रॉ अन् जॉन कॅसिओपो या तिघांचा २००१ साली एक अभ्यास आला. त्यांनी काय केलं, कॉलेजच्या पोरांना साध्या दिवशी विचारलं अन् ज्या दिवशी मन कालवतं अशा दिवशी पण विचारलं, म्हणजे हॉस्टेल सोडून जायचा दिवस, पदवी मिळायचा दिवस. साध्या दिवशी "आत्ता आनंद पण आहे अन् वाईट पण वाटतंय" असं म्हणणारे थोडेच निघाले. पण हॉस्टेल सोडायच्या दिवशी अन् पदवीच्या दिवशी जवळपास निम्म्या पोरांनी दोन्ही एकदमच वाटतंय असं सांगितलं.

म्हणजे ते थर्मामीटरचं गणित काही खरं नाही. मला ते गॅसच्या शेगडीसारखं वाटतं, दोन बर्नर, दोन वेगळी बटणं. रोज एकच पेटवलेला असतो म्हणून आपल्याला वाटतं एकच आहे. सणाला दोन्ही पेटतात. अन् एक मोठा केला म्हणून दुसरा आपोआप बारीक होत नाही, त्यामुळं "अगं हस की, सणाचं काय तोंड पाडून बसलीस" असं म्हणून कुणाचं दुःख जात नसतं, अन् उलट, दुःख आहे म्हणून आनंद खोटा पण ठरत नाही. हे दुसरं मला कळायला जास्त वेळ लागला. आई गेल्यावरच्या पहिल्या नाताळात संडे स्कूलच्या नाटिकेत माझा लेक मेंढपाळ झालेला, डोक्याला टॉवेल गुंडाळून, अन् तो टॉवेल ऐन वेळेला डोळ्यावर आला अन् तो येशूच्या गोठ्याऐवजी सरळ पेटीवाल्या काकांकडं चालत गेला. मी इतकी हसले की पाठ दुखली. घरी येऊन मग रडत बसले, आई जाऊन वर्ष पण नाही झालं अन् मी हसतेय म्हणून.

आता सणालाच का? एक कारण वास आहे, अन् हे नुसतं बोलायला म्हणून नाही. डोळ्यांनी बघितलेलं, कानांनी ऐकलेलं सगळं मेंदूतल्या थॅलेमस नावाच्या एका जंक्शनवरून पुढं जातं, आपलं मनमाडसारखं समजा. वासाची गाडी मात्र त्या जंक्शनला न थांबता भावना अन् आठवणी जिथं सांभाळल्या जातात त्या भागात जवळपास थेट जाते. म्हणून फोटो बघून "हां, ही आई" एवढंच होतं, पण वेलची-डालड्याचा वास आला की आई स्वयंपाकघरात आहे असंच अर्धा सेकंद वाटून जातं. तो अर्धा सेकंद संपतो तेव्हाच गोळा येतो.

दुसरं कारण म्हणजे सण दरवर्षी त्याच जागी येतो. मधल्या चारशे गोष्टी विसरायला होतात, पण गेल्या नाताळला ताटं किती होती अन् यंदा किती आहेत हे मोजायला काही लागत नाही. घरच्या दारात दरवर्षी एकाच पायरीवर उभं राहून फोटो काढला तर पोरं किती वाढली तेही दिसतं अन् कोण नाही तेही दिसतं, तसं. तारखेचंच बोलायचं तर २५ डिसेंबर ही तारीख बायबलात कुठंही नाही बरं का, त्या दिवशी येशूचा जन्मदिन पाळल्याची सगळ्यात जुनी नोंद रोममधली आहे, साल ३३६ ची. पण तारीख कुणी का ठरवली असेना, एकदा ठरली की सगळं घर तिला बांधलं जातं.

दुःखाचं काय करायचं ह्यावर मला सगळ्यात पटलेलं मार्गारेट स्ट्रोबे अन् हेंक शूट या नेदरलँड्समधल्या दोघांचं आहे, १९९९ चं. त्यांचं म्हणणं असं की माणूस दुःखातून जिना चढल्यासारखा पायरी-पायरीनं बाहेर येत नाही, तो ये-जा करतो. कधी गेलेल्या माणसाकडं वळतो, आठवणी काढतो, रडतो, कधी पाठ फिरवून वीजबिल भरतो, नवीन पडदे शिवतो, सहलीला जातो. दोन्ही लागतंच अन् ही ये-जा चालू राहणं हीच तब्येत बरी असल्याची खूण. मला नाताळच्या आठवड्यात ही ये-जा दिवसातून चाळीस वेळा होते एवढाच फरक. करंजीची मुरड घालताना तिकडं, तेल तापलं की इकडं.

(हो, आम्ही पण करंज्याच करतो. चकल्या, शंकरपाळी, लाडू सगळं. दरवर्षी ऑफिसात कुणीतरी विचारतंच, "तुमच्यात फराळ असतो होय?" अहो आम्ही जालन्याचे आहोत. एकोणिसाव्या शतकात निजामाच्या राज्यात, इथं छावणी होती त्या काळात ख्रिस्ती धर्मप्रसारक नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल नावाची वस्ती वसवली, तेव्हापासूनचा हा सगळा गोतावळा आहे. आमच्या बायांना प्लम केकच्या आधी अनारसा येतो.)

तर ह्या फराळावरूनच पुढचा मुद्दा येतो, तो म्हणजे सणाला आनंदी दिसायचंच असतं ही सक्ती. आर्ली हॉक्शील्ड नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी विमानातल्या हवाई सुंदऱ्यांचा अभ्यास केला अन् १९८३ मध्ये लिहिलं की काही कामांत हातापायांसारखं मनालाही राबावं लागतं, आत काहीही असो, चेहऱ्यावर ठरलेलेच भाव आणायचे. त्यांनी अजून एक सांगितलं, की कुठल्या प्रसंगी काय वाटायला पाहिजे याचे समाजात न लिहिलेले नियम असतात. मयताला हसू नये, लग्नात तोंड पाडू नये. सणाचा नियम तर फार कडक, अन् तो पाळायचं काम बहुतेक घरात बाईवर येतं. फराळ तिनं करायचा तो करायचाच, वर खुशीत करायचा. कॅरल पार्टी रात्री साडेअकराला ढोलकी-पेटी घेऊन दारात येते, वीस माणसं, चहा टाकायचा, अन् हसत टाकायचा. मला कॅरल पार्टी लई आवडते हो, लहानपणी मी पण थंडीत शाल गुंडाळून गल्लोगल्ली फिरलेय. पण वीस कप विसळताना आवडत नाही. हे पण दोन बर्नरच.

आमचं अजून एक वेगळंच दुखणं आहे. डिसेंबर लागला की संभाजीनगरच्या मॉलमध्ये सगळीकडं लाल टोप्या, सिग्नलवर पोरं टोप्या विकतात, थर्टीफर्स्टच्या पार्टीचे बॅनर, अन् लोक आम्हाला विचारतात, मग काय, पार्टी कधी. आमच्या घरात पार्टी नसते, सकाळची उपासना असते, आंघोळ करून नवीन कपडे घालून चर्चला जायचं असतं, दुपारी मटण, संध्याकाळी फराळाची ताटं शेजारी द्यायची. अख्खं शहर आपला सण साजरा करतंय असं दिसतं, पण त्यात आपण सापडत नाही. अन् सुट्टी एकच दिवस. २६ ला पोरं शाळेत अन् मी ऑफिसात, डोळे सुजलेले, अन् बाजूच्या टेबलावरचा म्हणतो, "मॅडम जोरात झाली वाटतं!"

सणाचा ताण मोजता येतो का? एका जणांनी, म्हणजे दोघांनी, मोजलाय. थॉमस होम्स अन् रिचर्ड राहे, १९६७. आयुष्यातल्या ४३ घटना घेतल्या अन् त्या पचवायला माणसाला किती जोर लावावा लागतो त्याचे गुण दिले. जोडीदार जाणं १००. लग्न ५०. सुट्टीवर जाणं १३. ख्रिसमस १२. अन् कायदा मोडण्याची किरकोळ भानगड, म्हणजे आपलं सिग्नल तोडून पावती फाटणं, ११. म्हणजे नाताळ हा पावतीपेक्षा एकानं जास्त! मी हे चर्चमधल्या आमच्या एका मावशींना सांगितलं तर त्या म्हणल्या, बारा कमीच दिलेत, त्यांनी कधी तीन किलोच्या चकल्या केल्या नसतील. त्यांचं खरं असेल, ती यादी करणारे दोघं पुरुषच होते. पण त्यातली खरी गंमत वेगळी आहे, त्या यादीत चांगल्या अन् वाईट गोष्टी शेजारी-शेजारी बसल्यात, कारण घडी मोडली की शरीराला ताण येतोच, घडी चांगल्यासाठी मोडली की वाईटासाठी हे त्याला कळत नाही.

पैशाचं मी थोडक्यात सांगते नाहीतर लांबेल. जोएल वॉल्डफोगेल नावाच्या अर्थतज्ज्ञानं १९९३ मध्ये ख्रिसमसच्या भेटवस्तूंवर लिहिलं, त्याचा हिशोब असा की घेणाऱ्याच्या लेखी वस्तूची किंमत देणाऱ्यानं मोजलेल्या पैशापेक्षा दहा टक्क्यांपासून ते एक तृतीयांशपर्यंत कमी भरते, मधले पैसे हवेत गेले. फक्त त्यानं प्रेमाची किंमत मुद्दाम बाजूला ठेवलेली होती. ज्यांच्या कपाटात आहेराच्या साड्यांचा वेगळा कप्पा आहे, ह्या लग्नातली त्या लग्नात, अन् एकदा चुकून जिची तिलाच परत, त्यांना हा सिद्धांत समजवायची गरज नाही. आपल्याकडं त्याला फिरती साडी म्हणतात एवढंच.

पण खरा पैशाचा चटका बघायचा असेल तर दिवाळी बघा, अन् मराठवाड्यात बघा. आमच्या ऑफिसातले एक भाऊ घनसावंगीकडचे, त्यांचं दिवाळीचं सगळं सोयाबीनवर. २०२५ च्या सप्टेंबरात जो पाऊस झाला, शेतंच्या शेतं पाण्याखाली, काही ठिकाणी तर मातीच खरडून गेली, अन् जे सोयाबीन हाती आलं ते काळं पडलेलं, ओलं. हमीभाव ५,३२८ रुपये होता क्विंटलला, बाजारात भाव त्याच्या बराच खाली. भाऊ म्हणत होते, "ताई, फटाक्याचा आवाज आला की आधी राग येतो, अन् मग पोरं उड्या मारायलेत ते बघून बरं वाटायलं. आता ह्याला काय म्हणायचं?" मी त्यांना लार्सन-मॅकग्रॉचं सांगत बसले नाही, पण हेच ते.

अन् ऊसतोडीची घरं तर सोडूनच द्या. बीडकडं, अन् आमच्याकडच्याही कित्येक गावांत, दिवाळी म्हणजे एकत्र असण्याचा शेवटचा आठवडा. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, अन् दसरा-दिवाळी झाली की टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. त्या घरातल्या आजीला लाडू वळताना काय वाटत असेल? लेक-सून समोर आहेत म्हणून आनंद, अन् हाच लाडू बांधून द्यायचाय म्हणून दुसरं. आम्ही नाताळचा तारा लावतो तेव्हा ती माणसं कुठंतरी थंडीत पहाटे चारला फडात असतात, गावात म्हातारी माणसं अन् नातवंडं.

म्हणून मला लातूर-धाराशिवकडची येळवस फार बरी वाटते. माझी एक मैत्रीण तिकडची, तिच्यामुळं एकदा गेले होते. मार्गशीर्षातली अमावस्या, म्हणजे नाताळच्या मागं-पुढंच येते, सगळं गाव शेतात, कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, करून पाच पांडवांची पूजा, अन् ती भज्जी, हिरव्या भाज्या-शेंगा सगळं एकत्र, बाजरीचे उंडे, मातीच्या बिंदग्यातली आंबील. नवीन कपड्याची फार सक्ती नाही, लाइटिंग नाही, पाहुणा कोणीही चालतो, अन् खाऊन झाडाखाली आडवं व्हायला परवानगी. तिथं मला कुणी "खुश राहा" म्हणलं नाही. दिवसभर कुणी काहीच म्हणलं नाही, ताटात वाढत राहिले फक्त.

आता दोन गैरसमज. एक, "ख्रिसमसला उदास वाटतं ते थंडी-अंधारामुळं". तसा प्रकार आहे खरा, १९८४ मध्ये नॉर्मन रोझेन्थल अन् त्यांच्या सोबत्यांनी त्याचं वर्णन केलं, हिवाळ्यात दिवस लहान झाला की काही लोकांना दरवर्षी नैराश्य येतं, त्यांना सकाळी प्रखर दिव्यासमोर बसवतात. पण ते मुख्यतः उत्तरेकडच्या देशांचं दुखणं. स्वीडनच्या स्टॉकहोममध्ये २१ डिसेंबरला दिवस जेमतेम सहा तासांचा, आपल्याकडं जालन्यात त्याच दिवशी जवळपास अकरा तास ऊन. आपल्याकडं डिसेंबर म्हणजे हुरड्याचे दिवस यायलेले, वर्षातलं सगळ्यात चांगलं हवामान. आपली उदासी सूर्यावर ढकलता येणार नाही, उलट आपल्याला सूर्य मे महिन्यात छळतो.

दुसरा, की ख्रिसमसच्या दिवसांत आत्महत्या वाढतात. हे इंग्रजी बातम्यांतून फिरत आपल्यापर्यंत आलेलं. अमेरिकेतले आकडे बघितले तर उलट आहे, डिसेंबरमध्ये प्रमाण वर्षातल्या सगळ्यात कमी महिन्यांत मोडतं, जास्त असतं ते वसंत अन् उन्हाळ्यात. हृदयाचं मात्र खरं आहे. स्वीडनमध्ये सोळा वर्षांतले दोन लाख ऐंशी हजारांवर हार्ट अटॅक तपासले, २०१८ मध्ये ते छापून आलं, तर २४ डिसेंबरला, म्हणजे तिकडचा मुख्य सणाचा दिवस तो, अटॅकचं प्रमाण ३७ टक्के जास्त, अन् रात्री दहाच्या सुमारास सगळ्यात जास्त. पंच्याहत्तरीच्या पुढचे, शुगर असलेले, ह्यांना जास्त धोका. कारण काय ते त्या अभ्यासानं सिद्ध केलेलं नाही, ताण, जड जेवण, दारू, भांडणं, "सण होऊ दे मग दवाखान्यात जाऊ" असं काहीही असू शकतं. हे शेवटचं आपल्याकडं तर घरोघरी. घरात म्हातारं माणूस छातीत जडपणा म्हणत असेल तर पाहुणे जाईपर्यंत थांबू नका.

अन् उदासीचं पण सांगते. सणाला गळा दाटणं, एकटं बसावंसं वाटणं, बाथरूममध्ये जाऊन दोन मिनिटं रडून येणं, हे चालतं, ह्यात काही रोग नाही. पण सण होऊन दोन आठवडे झाले तरी रोजच तसं, झोप नाही, भूक नाही, कशातच मन लागत नाही, जगण्यात काय अर्थ असं मनात येतंय, तर ती वेगळी गोष्ट, तिला दुसरा बर्नर म्हणून सोडून देऊ नका. सरकारची टेली-मानस लाईन आहे, नंबर १४४१६, फुकट आहे, रात्री-बेरात्री पण लागते, अन् मराठीत बोलता येतं.

यंदा मी घरात काय केलं ते सांगते. चकल्या विकत आणायच्या ठरवल्या, आमच्या आत्यांना ते आवडलेलं नाही, पण ठीके. आईचा फोटो दरवर्षी आम्ही सणाच्या दिवशी उगाच आतल्या खोलीत ठेवायचो, कुणाला वाईट वाटायला नको म्हणून, तो बाहेर आणला, ताटाशेजारी. अन् पुण्यातला भाऊ, जो तीन वर्षं "सुट्टी नाही" म्हणत येत नव्हता, त्याला मी फोनवर सरळच विचारलं, सुट्टी नाही का घरात यायला होत नाही? तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तारा कोण लावणार यंदा?" मी म्हणलं तू. होल्डर जळालाय, येताना नवीन घेऊन ये.